नको-दार

टक्.

ढब्बू नुकताच झोपला होता. रविवारची दुपार, घरात चिडीचूप, आणि त्यात माझ्या टेबलावरून साडेतीन सेंटिमीटरचा एक माणूस फरशीवर पडला.

"मी नाही पाडला," माझी लेक मुंगी टेबलाखालून कुजबुजली. "तोच पडला."

"हळू बोल. भाऊ उठला ना, तर माझं काम तूच करायचंस."

"करीन की."

ढब्बूची झोप म्हणजे फार तर चाळीस मिनिटं. तेवढ्यात मला एका दाराचा निकाल लावायचा होता.

मी थीम पार्कचं डिझाइन करते. लोकांना वाटतं, मी दिवसभर पाळण्यात बसून ओरडत असेन. प्रत्यक्षात रांग कुठून वळेल, भिंत किती जुनी दिसेल आणि संडास कुठे येतील, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. सध्या आमचा नवा विभाग उभा राहतोय, बंदराचा. त्यातली मोठी राइड म्हणजे दीपगृह; माझ्या टेबलावर त्याचाच पुठ्ठ्याचा नमुना होता, बोटाएवढ्या माणसांसकट. बारा खुर्च्या अंधारात वर चढतात, खिडक्यांबाहेर वादळ घोंगावतं, माथ्यावरचा दिवा विझतो आणि सगळे धाडकन खाली. रांग जाते ती दिवेवाल्याच्या खोलीतून. खुंटीवर त्याचा ओला कोट, चुलीवर किटली, अर्धवट टाकलेला पत्त्यांचा डाव, कोपऱ्यात पलंग. त्या खोलीवर मी आठ महिने घालवले. पलंगावरच्या चादरीला ठिगळ कुठे हवं, हेसुद्धा मी ठरवलं होतं.

आणि अशा प्रत्येक राइडला, खुर्चीत बसायच्या अगदी आधी, एक छोटं दार असतं. ऐन वेळी ज्याचा धीर सुटतो त्याच्यासाठी. नकाशात त्याला भारदस्त नाव आहे. आम्ही आपसात त्याला नको-दार म्हणतो.

दीपगृहाचं नको-दार मी मागच्या बाजूला काढलं होतं. एक लोखंडी जिना, खाली सामानाच्या गाड्यांचा रस्ता. सोपं, स्वस्त, कमी जागेचं. दोन वर्षं ते नकाशात तसंच होतं आणि मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग त्याच्या आदल्या रविवारी आम्ही चौघं आमच्याच पार्कात गेलो. तिथल्या मनोऱ्याच्या जुन्या राइडच्या दाराशी उंचीची रेघ आहे. मुंगी वर्षभर त्या रेघेला टाळू लावायला धडपडत होती, आणि या महिन्यात एकदाची पोचली. रांगेत नुसती उड्या मारत होती. खरं सांगायचं तर मला तिथलं नको-दार बघायचं होतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर, ही घाबरलीच तर दार वापरूनही बघता येईल, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. पोटच्या पोरीबद्दल असं मनात येतं माणसाच्या.

खुर्चीत बसायची वेळ आली आणि तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला.

"आई, नको."

गेटवरच्या मावशींनी साखळी बाजूला केली. "जा गं राणी, इकडून जा."

आम्ही उतरलो ते थेट कचऱ्याच्या डब्यांपाशी. ओली जमीन, आंबट वास, डोक्यावर कसलासा पाइप गळतोय. तिथून सबंध मनोऱ्याला वळसा घालून पुढे आलो, तर बाहेर पडायच्या दाराशी तिचे बाबा ढब्बूला खांद्यावर घेऊन उभे.

"अगं, तुम्ही तिकडून कशा उगवलात?"

मुंगी काही बोलायच्या आत तिच्याच वर्गातली एक, दोन वेण्यांची, केस विस्कटलेली, राइडवरून ताजी उतरलेली, म्हणाली, "ही मागच्या दारानं आली! तिकडून घाबरट येतात."

मुंगीनं माझ्या कमरेत तोंड खुपसलं. घरी येईपर्यंत काढलं नाही. पुढे आठवडाभर त्या विषयावर चकार शब्द नाही. बडबडी पोर गप्प बसली की घर कसं मोठं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना मुद्दाम गाठलं. अकरा वर्षं त्याच गेटवर उभ्या आहेत त्या.

"ताई, लोकांना तिथून जायची लाज वाटते हो," त्या म्हणाल्या. "म्हणून दात आवळून बसतात. आणि पट्टा लागला की किंचाळतात, थांबवा, थांबवा! गेल्या महिन्यात नऊ वेळा थांबवली मी."

तेव्हापासून डोक्यात एक रेघ घोळत होती. ढब्बू झोपला होता त्या दुपारी, पडलेल्या माणसाला उचलून ठेवता ठेवता, मी ती कागदावर ओढली. नको-दारातून एक बोळ. नऊ मीटरचा. राइडवरून उतरलेले ज्या वाटेनं बाहेर पडतात, त्याच वाटेला नेऊन जोडलेला. बसलेले आणि न बसलेले, सगळे एकाच दारातून बाहेर. कोण कुठला, कुणाला कळायचं नाही.

सोमवारी दहाला बैठक. आमचे मुख्य डिझायनर नेहमी खिशात स्टीलची पट्टी बाळगतात. पाठीमागे आम्ही त्यांना फूटपट्टी म्हणतो, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

"नऊ मीटर? जे बसणारच नाहीत त्यांच्यासाठी?"

"हो, सर."

"आणि जे बसणार त्यांच्यासाठी काय?"

"त्यांच्यासाठी अख्खं दीपगृह आहे ना."

कोणीतरी फिस्सकन हसलं. फूटपट्टी हसले नाहीत. मग मी मावशींचा नऊचा आकडा सांगितला. राइड एकदा थांबवली की पुन्हा तपासून सुरू करायला वीस मिनिटं लागतात.

"म्हणजे महिन्याला तीन तास बंद," ते म्हणाले. "हे आधी सांगायचं. भावना मागाहून."

"भावनेचं मी काही बोललेच नाही, सर."

"चेहऱ्यावर लिहिलंय." त्यांनी खिशातून पट्टी काढली. "बाहेरच्या वाटेवर राइडचे फोटो विकतात, त्या काउंटरला हात लागणार नाही. मग जागा कुठून आणणार?"

मी नकाशावर वाकले. त्यांनी पट्टी उचलून दिवेवाल्याच्या खोलीवर आडवी ठेवली. बरोबर पलंगावर.

"इथून."

"मग तो झोपणार कुठे?"

"ड्यूटीवर माणूस झोपत नाही," फूटपट्टी म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

पलंग गेला. ठिगळाची चादरही गेली. घरी येताना मला रडू यायला हवं होतं, पण मी चक्क शीळ घालत आले.

संध्याकाळी ढब्बूला त्याच्या बाबांकडे सोपवलं आणि मी पुठ्ठा कापून नमुन्यात बोळ चिकटवला. मुंगी स्टुलावर चढून बघत बसली.

"हे बघ. पाच माणसं आत गेली. चार बसली, वर गेली, धप्प! एकाला वाटलं, नको. तो या बोळानं आला. आता सगळे इथून बाहेर." मी पाचही जण दाराशी ओळीत उभे केले. "ओळख बरं, न बसलेला कोण?"

तिनं एकेकाला उचलून पाहिलं. पालथं करून पाहिलं, तळवेसुद्धा तपासले.

"नाही कळत," ती म्हणाली. मग आठवड्यात पहिल्यांदाच तोंडभर हसली. "कचऱ्याचे डबे पण नाहीत?"

"एकही नाही."

मग तिनं माझ्या माणसांच्या डबीत बोटं घालून बराच वेळ शोधलं आणि एक माणूस काढला. कडेवर बाळ असलेला. तो तिनं दाराबाहेर, त्या पाच जणांच्या समोर नीट उभा केला.

"हे बाबा," ती म्हणाली. "बाबा तर विचारणारच ना, कसं वाटलं म्हणून?"

"विचारतील की."

तिनं पाचातला एक उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा बसलाच नाही, मग यानं काय सांगायचं?"