आंबिलीची बिंदगी

पोराच्या तोंडाचा वास घेतल्याबिगर गंगम्मा त्याला भाकरी वाढत नसे. शरणप्पाला मिसरूड फुटून जमाना झाला, तरी चुलीपुढं वाकून त्याला तोंड उघडावं लागायचं. वास लपवायला कांदा खाऊन आलाय का, चिंचेचा पाला चघळलाय का, तिला सगळं कळायचं. नवरा ईश्वरप्पा हातभट्टीपायी गेला, त्यानं बायकोला एवढीच विद्या मागं ठेवली. आणि पोरगं बाहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला काय गेलं, बापाच्याच वाटेला लागलं की.

वेळा अमावस्येच्या सकाळी शरणप्पा म्हणाला, आंबिलीची बिंदगी यंदा मी नेतो. अक्कलकोटच्या अंगाला त्या दिवशी सगळं गाव रानात जातं. ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील मातीच्या बिंदगीत भरायची, घरच्या पुरुषानं ती डोक्यावरून न्यायची, पूजा झाली की उभ्या ज्वारीत शिंपडायची. त्याआधी थेंब सांडू द्यायचा नाही. ईश्वरप्पा गेल्यापासून हे काम दीर मडिवाळप्पाकडं होतं.

गंगम्मानं पोराला खालवर बघितलं. अंघोळ झालेली, कपाळाला विभूती, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. वास घेतला तर काहीच नाही. त्यानं संशय आणखीनच वाढला, कारण ईश्वरप्पाही फसवायच्या दिवशी असाच चकचकीत असायचा. तिनं बिंदगी दिली, पण त्याच्या टाचांवर नजर ठेवून मागनं चालली.

बांधावर पोचेपर्यंत पोराचे हात लटालटा कापायला लागले. थंडीच्या कडाक्यात मानेवरून घाम निथळत होता. मडिवाळप्पा हसून म्हणाला, सकाळीच टाकून आलाय जणू. आणि कडब्याच्या कोपीपुढं, चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांच्या, पांडवांच्या म्होरंच बिंदगी कलंडली. निम्मी आंबील मातीत गेली.

"आजच्या दिवशी बी पिलास?" गंगम्माचा आवाज फुटला.

शरणप्पा खाली बसला. "पिलो न्हाय म्हणून हात कापत्यात, अव्वा. पिलो आस्तो तर थेंब सांडला नसता."

तोच पुढं बोलला. "वाटायचं, मनात आलं की सोडीन. परवापासनं सोडून बघतोय, तर आंगच ऐकंना. मी आप्पासारखा झालोय."

गंगम्माला नवरा आठवला. पेरणीच्या दिवसांत ईश्वरप्पाला सकाळी पाभरीचं रुमणं धरवत नसे. घोटभर पोटात गेली की हात थांबायचा, आणि तिला वाटायचं, आता ह्यांना बरं वाटतंय. जन्मभर तिनं तोंड हुंगलं, हाताकडं कधी बघितलंच नाही.

"सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात इलाज हाय म्हंत्यात," पोरगं म्हणालं. "एकटा गेलो तर गुत्त्यातच शिरीन. तू संगं चल."

ढोंग आहे, सोलापुरात प्यायला मोकळं रान मिळंल, असं मडिवाळप्पा म्हणाला. खरं तर तिच्याही मनात तेच आलं होतं. तरी तिनं पूजा उरकली, बिंदगी पुन्हा पोराच्या डोक्यावर ठेवली, एका अंगानं आपण धरली, आणि उरलेली आंबील दोघांनी मिळून ज्वारीला दिली.

दुसऱ्या दिवशी एस्टीत बसायच्या आधी तिनं त्याचं गाठोडं उसकटलं, खिसे चाचपले. त्याला खिडकीकडं बसवून आपण वाट अडवून बसली. मध्ये गाडी थांबली तेव्हा तो लघवीला उतरला. तो परत येईस्तोवर गंगम्मा गाडीच्या दारात उभी होती, वर चढणाऱ्या बायका वैतागल्या तरी हलली नाही.

शरणप्पा आला आणि न सांगता तोंड उघडून वाकला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हात बघू."

त्यानं पंजे पुढं केले. कालच्यासारखेच थरथरत होते. गंगम्माचा जीव भांड्यात पडला. तिनं ते दोन्ही हात आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरले, ते सोलापूर येईपर्यंत सोडले नाहीत.