थांबलेली स्वाती

आंबोलीच्या घाटमाथ्यावर श्रावणात संध्याकाळ होत नाही, ती विरघळते. शुभ्र धुकं राखी होतं, राखी धुकं नीलकृष्ण होतं, आणि मग कधीतरी, कुणाला न सांगता, झाडं होती तिथे झाडं नसतात.

दरीतून धुकं वर येतं. निःशब्द, अनवाणी, ओल्या पदराचं धुकं. ते कौलांवर बसतं, कुंपणावर बसतं, दाराच्या कडीला हात लावून पाहतं. घरातल्या माणसांना हळू बोलायला लावतं.

त्या धुक्याच्या पोटात, वनरक्षकाच्या लहानशा घराच्या अंगणात, गोजराबाई मान वर करून उभी राही. रोज, दिवेलागणीला. मेघबंद, नक्षत्रहीन, मुक्या आभाळाखाली.

तिला एक चांदणी हवी होती. एकच.

ती माणदेशची. पाऊस जिथे पाहुण्यासारखा येतो आणि पाण्याचा तांब्या तोंडाला न लावताच उठून जातो, त्या उघड्या, तांबूस, तृषार्त मुलखाची. तिथे एका श्रावणातल्या तिन्हीसांजेला तिचं तान्हं मांडीवर निळं पडलं होतं. श्वास अडला होता. जवळ वैद्य नव्हता, वाहन नव्हतं; पश्चिमेकडे कललेली केशरी स्वाती तेवढी होती. गोजराबाई तिलाच म्हणाली, "ह्याला ठेव. चातुर्मासात तुला, न्हाईतर तुझ्या एका तरी भैनीला बघितल्याबिगर मी घास घ्यायची न्हाई."

पोर रडलं.

त्या एका रडण्यावर तिचं सारं आयुष्य उभं होतं. पोर वाढलं, बिरदेव झालं, वनरक्षक झालं, रानवाटा तुडवू लागलं. दर चातुर्मासात तिने आधी चांदणी पाहिली, मग भाकरी मोडली. नेम कधी चुकला नाही. चुकला तर काय होईल, हे ती मनातसुद्धा उच्चारत नसे.

यंदा बिरदेवाने आईला आपल्याजवळ आणलं. आणि आंबोलीने आभाळ मिटून घेतलं.

पहिल्या दिवशी ती पाणी पिऊन निजली. दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन निजली. तिसऱ्या दिवशी तुळशीपाशी कोसळली. आणि सून मयूरी धावली तेव्हा सासूचे हात ओल्या दगडासारखे थंड होते.

मयूरी अंगणवाडीत शिकवणारी, हसतमुख, देवधर्माला दुरूनच नमस्कार करणारी मुलगी. सासूला ती माणदेशी रीतीने आत्या म्हणे. त्या संध्याकाळी ती फोन घेऊन जवळ बसली.

"आत्या, हे बघा. तुमच्या मुलखातलं आभाळ."

"फोनात?"

"आकाश बघायचा छंद असलेल्या लोकांचं एक मंडळ आहे. तुमच्या गावच्या शाळेच्या छतावर त्यांनी कॅमेरा बसवलाय. तिथलं आभाळ कोरडं, अंधार दाट, म्हणून. आत्ता तिथे जे दिसतं तेच इथे दिसतं."

"आन् ह्ये दर्शन व्हय गं?"

"देवळातली आरती फोनवर बघून हात जोडता की. देव चालतो, मग चांदणी का नाही?"

गोजराबाईला त्या अशक्तपणातही हसू आलं. "लई शानी हाईस. तुझ्या आईनं तुला बोलायला शिकवलं आन् भाकरी थापायला शिकवायचं राहिलं."

मग तिने पाहिलं.

काळ्याभोर तबकासारखं वर्तुळाकार आभाळ. आणि त्याच्या काठावर, गोल गोल, तिचं गाव: कडुलिंबाचा शेंडा, पाण्याची टाकी, पत्र्याची शेड, सारं आत झुकलेलं. जणू आभाळाची एक विहीर खणली होती आणि अवघं गाव काठावर वाकून तिच्या तळाशी काय पडलं आहे ते पाहत होतं.

तळाशी चांदण्या पडल्या होत्या. टाकीच्या थोडी वर, केशरी, स्थिर, ओळखीची: स्वाती.

गोजराबाईचे हात आपोआप जुळले. त्या रात्री तिने भाकरी मोडली, आणि मयूरीने चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

मग रोजच फोन पुढ्यात येऊ लागला, दिव्यासारखा, दिव्याच्या वेळी. बाहेर धुकं दाराशी बसलेलं. आत दोन बायकांच्या मधोमध माणदेशचं मोकळं आभाळ. त्यात विरळ ढग तरंगत. पतंग आडवे जात. चांदण्या काठाकडे सरकत. गोजराबाई सुनेला एकेक नाव सांगे आणि सून ते मंडळाच्या फोनातल्या नक्षत्रनकाशात शोधी. सापडलं की दोघींना लहान मुलींसारखा आनंद होई.

एके दिवशी कडुलिंबाजवळ वटवाघूळ दिसलं. पंख पसरलेलं, काळं, कातरल्यासारखं.

दुसऱ्या दिवशीही दिसलं. त्याच जागी. तसेच पंख.

"शिस्तीचं हाय," गोजराबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही. "ह्याचाबी काय नेम हाय का काय?"

मयूरी हसली नाही. ती चुलीवरचं पातेलं पाहायला उठली. पातेल्यात काही नव्हतं.

आणि मग गोजराबाईला दुसरं काही दिसू लागलं. स्वाती उतरत नव्हती. श्रावण पुढे जातो तशी स्वाती रोज तिन्हीसांजेला थोडी खाली सापडते. म्हाताऱ्या बाईने हळूहळू खाली बसावं तशी पश्चिमेला टेकत जाते. ही टेकत नव्हती. टाकीवर बोटभर, तेवढीच. काल तेवढीच, आज तेवढीच.

उतरणारं उतरत नव्हतं. उडणारं उडत नव्हतं. पतंग आडवे जात नव्हते, ढग तरंगत नव्हते. त्या गोल काळ्या विहिरीत काळच पाय बांधून पडला होता; आणि वर, तिच्या काठावर, गोजराबाईचा मुलगा रोज चिखलाचे बूट वाजवत घरी येत होता.

ती कुणाला काही बोलली नाही. थांबलेल्या आभाळाला हाक मारू नये, असं तिला वाटलं. हाक मारली तर ते चालू लागेल.

मग एका दुपारी गावाकडून जावेचा, तानूबाईचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता.

"अगं गोजरे, झड लागलीया! माणदेशात झड! ओढा दुथडी चाललाय. किती दिस झालं, सूर्य न्हाई का चांदनी न्हाई. तुझी आंबोली हिकडंच आलीया बघ!"

"काल सांजच्याला चांदनी व्हती की," गोजराबाई म्हणाली.

"कुठली चांदनी? डोळं तपासून घे बाई. काल शाळंपुढं गुडघाभर पानी व्हतं, पोरं होड्या सोडत व्हती."

फोन बंद झाला. खोलीत ओल होती, धूर होता, आणि एक प्रश्न होता, भिंतीला टेकून उभा: मग काल मी हात जोडले ते कुठल्या आभाळाला?

संध्याकाळी मयूरीने नेहमीसारखा फोन पुढे धरला. गोजराबाईने त्याकडे पाहिलं नाही.

"तानूबाईचा फोन आलता. तिकडं झड हाय म्हनं."

मयूरीचा हात तसाच राहिला, वटवाघळाच्या पंखासारखा, पसरलेला. मग ती हळूच खाली बसली.

"पहिले दिवस खरे होते, आत्या. देवाशपथ. मग तिकडेही ढग आले. कॅमेऱ्यात सगळं राखाडी. तुमचे ते थंडगार हात माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. एका चांगल्या संध्याकाळचं चित्र मी साठवलं होतं, तेच रोज उघडत गेले. पाप लागायचं असेल तर मला लागू दे."

"पापाचं न्हाई गं पोरी." गोजराबाई रागावली नव्हती, तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. "म्या इतकं दिस चांदनीबिगर जेवले. तितकं दिस बिरदेव रानात उघडा, राखणीबिगर हिंडला."

आणि त्याच वेळी दोघींनाही कळलं की दिवेलागण उलटून गेली आहे, आणि बिरदेव आलेला नाही.

रानात कुणी फासे लावत होतं. त्यांच्या मागावर तो कड्याच्या वाटेने गेला होता. त्या वाटेवर फोन लागत नाही. तरी मयूरीने लावला. पुन्हा लावला. पलीकडे नुसती शांतता, ओली, खोल, दरीसारखी.

दोघी अंगणात आल्या. हातभर अंतरावर कुंपण नव्हतं, तुळस नव्हती, घर नव्हतं. धुक्यात दोन चेहरे तेवढे तरंगत होते. बेडूक ओरडत होते आणि मधेच, सगळे एकदम, थांबत होते. थांबले की दोघी श्वास रोखून ऐकत. पाऊल नाही. पुन्हा ओरडणं सुरू होई.

मयूरीने वर पाहिलं. आयुष्यात प्रथमच तिने असं वर पाहिलं, मागणाऱ्यासारखं. वर काही नव्हतं.

तिने मंडळाचा नक्षत्रनकाशा उघडला. फोन जिकडे धरावा तिकडचं आभाळ तो दाखवी. मधे ढग असो, छप्पर असो. तिने तो धुक्यात उंच धरला. काचेवर ठिपके उमलले.

"ही बघा. इथे आहे स्वाती. ह्या धुक्याच्या मागे, अगदी ह्या क्षणी."

"ह्येबी चित्रच की."

"चित्रच आहे." आता खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "पण जागा खरी आहे, आत्या. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच."

गोजराबाईने मान हलवली. नाही. आणि मयूरीचा हात थकून, हरून, खाली आला. फोनचं तोंड जमिनीकडे वळलं.

काच काळी झाली नाही.

गोजराबाई वाकली. "ह्ये काय?"

"हे खालचं. पृथ्वीच्या पलीकडचं. आपल्या पायाखाली आत्ता हे आहे."

मातीखाली, खडकाखाली, दरीच्या तळाच्याही तळाखाली चांदण्या होत्या. सूर्य बुडाला नव्हता. पश्चिमेच्या कड्याखाली तो मुकाट बसून होता. आणि अंगणाच्या थेट खाली, जिथे ती उभी होती तिथेच, हिवाळ्यातला मृग पसरला होता, चारी पाय ताणून, पोटात त्रिकांड बाण रुतलेला. त्याच्या मागे निळाशुभ्र, निर्निमेष व्याध.

गोजराबाईने पाऊल उचललं. कुणावर तरी पाय पडला, अशा भयाने उचललं. पण ठेवणार कुठे? इथेही आभाळ होतं, तिथेही आभाळ होतं. जन्मभर जिला वाटलं की आपण जमिनीवर उभ्या आहोत, ती एका पातळ, चिखलाच्या पापुद्र्यावर उभी होती. वर न दिसणाऱ्या चांदण्या, खाली न दिसणाऱ्या चांदण्या, आणि मधल्या पापुद्र्यावर, कड्याच्या काठाने, तिचा मुलगा चालत होता.

बेडूक थांबले.

धुक्यात एक पिवळा डाग उमटला. हलला. विझला. पुन्हा उमटला. दोघींपैकी कुणी हाक मारली नाही. हाक मारावी आणि ते दुसरंच काही असावं, ह्या भीतीने.

"अंधारात काय करताय?" डाग म्हणाला. "कोन मेलं का काय?"

गोजराबाईने त्याचे दंड चाचपले, गळा चाचपला, भिजलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं. तो संकोचून हसला. "अगं आये, चिखल हाय, चिखल."

"उशीर का रं?"

"फाश्यात भेकर अडकलं व्हतं. जित्तं. सोडवू लागलो तर लाथा झाडतंय! सुटलं आन् पळालं, मागं वळून बघितलंबी न्हाई." तो बूट काढायला खाली बसला. मग नाडीवरचा हात थांबला. "येताना कड्यावर पाय निसटला माझा. दोन्ही पाय. खाली धुकंच धुकं."

"मग?"

"काय ठावं. पडलो न्हाई. खालनं कुनीतरी तळवं धरावं, तसं वाटलं."

मयूरीने सासूकडे पाहिलं. सासू जमिनीकडे पाहत होती.

आत तीन ताटं मांडली गेली. बिरदेव भुकेने अर्धी भाकरी एका घासात संपवू लागला. मयूरीने स्वतःचं ताट झाकूनच ठेवलं. ती सासूची वाट पाहत होती. फोन तिने फडताळात ठेवला होता, पालथा.

गोजराबाई सारवलेल्या जमिनीवर बसली. तिने तळहात भुईवर टेकला. भुई गार होती. गार, आणि किंचित, अगदी किंचित, कापत होती. पाण्याच्या पातळीने कापावं तशी.

"आत्या," मयूरी कुजबुजली, "चांदणी नाही पाहिली तुम्ही."

"आज बघायची पाळी माझी न्हाई," गोजराबाई म्हणाली, आणि भाकरी मोडली.

कारण तिला आता कळलं होतं. खाली, त्या उलट्या, अथांग आभाळाच्या काठावर, कुणीतरी मान वर करून उभं होतं. तिच्यासारखंच. रोज, ह्याच वेळी. त्याच्यासाठी हे घर म्हणजे दूरवरचा एक ठिपका होता. धुक्याआडचा, मेघबंद, न दिसणारा. ते ठिपक्याची वाट पाहत होतं. ठिपका दिसेपर्यंत ते जेवणार नव्हतं. आणि तोवर त्याने कुणाचे तरी तळवे धरून ठेवले होते.

तिने घास ओठांपाशी थांबवला. डाव्या हाताने कोपऱ्यातला दिवा ओढला; जवळ, आणखी जवळ; आणि ज्योत सावरून ती भुईवर वाकली, आपला चेहरा खालून नीट दिसावा म्हणून.