सहाव्या वळणावरचं तळं

माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. लोक फोटो आणतात, मी पट्टी कापते, काच बसवते, मागून पुठ्ठा ठोकते आणि वर कुणी न विचारलेले सल्लेही देते. "इथे लावू नका, ऊन येईल." "एवढ्याशा फोटोला एवढी जाड पट्टी? फोटो गुदमरेल हो!" वीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे एखादी जागा बघण्यासारखी आहे की नाही, हे मला तिथे न जाताच कळतं, असा माझा समज होता.

म्हणून आमच्या सायकलच्या सहलीचा रस्ता दर वेळी मीच ठरवते. पट्ट्या कापायच्या मोठ्या टेबलावर नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर काचेचे तुकडे ठेवायचे आणि जिथलं दृश्य मी कधीतरी फ्रेम केलंय तिथे लाल पेन्सिलीने टिंब द्यायचं. मग टिंबांमधून रेघ काढायची. झाला रस्ता! "हिला विचारायला जाऊ नका, ही आधीच सांगेल," असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो स्वतः सायकलला हात लावत नाही. तो गाडीत सामान घालून मागून येतो आणि आम्ही कुठे चुकलो ते फोन करून कळवतो. सायकल चालवतो आम्ही दोघी, मी आणि वहिनी.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तिने मला पहिली भेट काय दिली असेल, तर शर्यत. "चल गं वन्सं, कोपऱ्यापर्यंत!" आणि मी पायडलवर पाय ठेवायच्या आत ही पसार. लहान आहे म्हणून एकदा तरी जिंकू द्यावं ना? नाव नको. आता ती बावन्न वर्षांची आहे, दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या नसा शोधून रक्त काढते आणि अजूनही मला चिडवायचं असलं की वन्सं म्हणते. आमच्यात प्रेम खूप आहे, पण शर्यत त्याच्याही आधीची आहे.

दोन वर्षांपूर्वी एका उतारावर ती पडली. मी पुढे जाऊन खालच्या वळणावर थांबले होते. वर बघितलं, तर ही जपून जपून येतेय. मी ओरडले, "ये, बिनधास्त ये! रस्ता मोकळा आहे!" रस्ता मोकळाच होता. खडी होती, ती मला दिसली नाही. पुढचं चाक सटकलं आणि वहिनी खांद्यावर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं, मनगटात प्लेट बसली. डॉक्टरांना, दादाला, सगळ्यांना मी एवढंच सांगितलं की खडीवरून घसरली. हे खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. माझी हाक मी गिळून टाकली, आणि ती दोन वर्षं माझ्या घशात अडकून बसली.

तेव्हापासून वहिनीची सायकल गॅलरीत हुकाला टांगलेली होती, वर जुनी चादर. यंदा तिने स्वतःच ती चादर काढली. म्हणाली, "यंदाच्या सहलीला सहा दिवस येऊन बघते. जमलं तर जमलं. नाही जमलं तर सायकल खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकते. तिला तरी उपयोग होईल." जुनी पातेली मोडीत द्यायची असावीत, इतक्या शांतपणे म्हणाली. ती मुलगी चांगली आहे, माझं तिच्याशी काही वाकडं नाही. पण ती सायकल त्या मुलीकडे जाता कामा नये, एवढंच मला त्या दिवसापासून दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं की रस्ता असा काढायचा, वहिनी बघतच राहिली पाहिजे! आणि त्यासाठी माझ्याकडे हुकमाचं पान होतं ते तळं. ते मी आजवर नऊ वेळा फ्रेम केलंय. डोंगराच्या कुशीत निळंशार पाणी, मध्ये एक बेट, बेटावर पाच झाडं. नकाशावर बघितलं तर एका बाजूने अठरा किलोमीटरचा हलका चढ, मग घाटमाथा, आणि मग तळ्याकडे उतरणारी अकरा वळणं. उतरताना सतत तळं समोर! मी स्वतःवरच खूश झाले.

वहिनीला दुकानात बोलावून नकाशा दाखवला. तिने बोटाने वळणं मोजली. एक, दोन, तीन. अकरापर्यंत गेली आणि बोट उचललं. "छान आहे," म्हणाली आणि निघून गेली.

रात्री दादाचा फोन. "ती येत नाही म्हणतेय."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन थडकले. वहिनी कामावर जायच्या तयारीत होती, डबा भरत होती.

"वहिनी, अगं नुसती गावाबाहेरच्या सपाट रस्त्याने गोदामांच्या भिंती बघत फिरणार आहेस का? एवढं सुंदर तळं!"

"ते तुला दिसेल," ती म्हणाली. "उतारावर मला काय दिसतं माहितीये? पुढचं चाक आणि खडी. नसलेली खडीसुद्धा दिसते."

"हळूहळू उतर ना मग. मी थांबते की तुझ्यासाठी."

ती डब्याचं झाकण लावता लावता थांबली. "थांबू नकोस," म्हणाली. "कुणी खाली उभं राहून वाट बघतंय म्हटलं की जास्त भीती वाटते."

घशातलं ते घशातच राहिलं. मी तशीच दुकानात आले आणि एका निष्पाप पट्टीचा कोपरा वाकडा कापला.

त्याच दुपारी दातांचे डॉक्टर आले. माझं जुनं गिऱ्हाईक. दवाखाना रंगवताना त्यांच्या फ्रेमची काच तडकली होती. कागदातून फ्रेम काढली तर तेच तळं! नऊपैकी पहिलं. मी सकाळची चिडलेलीच होते. म्हटलं, "डॉक्टर, हा फोटो घाट उतरताना काढलात ना? काय दिसत असेल हो समोर!"

"उतरताना?" ते हसायलाच लागले. "उतरताना कुठलं दिसतंय! तरुणपणी सायकलवर गेलो होतो. उतरताना डोळे रस्त्यावर आणि जीव मुठीत. हा चढतानाचा आहे. सहाव्या वळणाला असा दम लागला की कठड्यावर बसकण मारली. पाणी प्यायला मान वर केली आणि मागे वळून बघितलं, तर हे!"

मी काच कापायची थांबले. वीस वर्षं लोकांचे फोटो चौकटीत बसवले, पण फोटो काढणारा कुठे तोंड करून उभा होता आणि का थांबला होता, हे एकदाही विचारलं नव्हतं. वहिनी अगदी हेच सांगत होती, आणि मी तिला गोदामाच्या भिंती सुनावून आले होते.

डॉक्टर गेल्यावर मी खोडरबर घेतला. रेघ तीच ठेवली, फक्त सगळे बाण उलटे केले. शेवटचा दिवस पहिला, पहिला शेवटचा. आता खडा चढ तळ्याच्या बाजूने, अकराही वळणं चढायची. आणि माथ्यावरून पलीकडे अठरा किलोमीटर हलका उतार, एकही आडवंतिडवं वळण नाही. सगळ्या मुक्कामांना फोन करून तारखा फिरवल्या. एक लॉजवाले माझ्यावर चांगलेच करवादले. दादा म्हणाला, "आख्खी सहल उलटी? मोजा आहे का तो? आणि वारा सहाही दिवस तोंडावर येणार, कळतंय ना?"

"येऊ दे," मी म्हटलं. "वहिनीला फोन दे."

तिला एवढंच सांगितलं, "घाट चढायचाय, उतरायचा नाही. पलीकडचा उतार नको वाटला तर दादाची गाडी माथ्यावर उभी असेल."

फोनवरच तिने पुन्हा वळणं मोजली, या वेळी अकरापासून उलटी. मग म्हणाली, "चढात तू माझ्या मागेच राहशील, वन्सं."

पहिले तीन दिवस दादाचा वारा खरा ठरला. पण वहिनी चालवत होती. कुठे जरा उतार आला की दोन्ही ब्रेक आवळायची, चाकं कुईकुई करायची, आणि सपाटीला लागलो की तिचे खांदे खाली यायचे. मी मोठ्या मुश्किलीने तोंड बंद ठेवलं. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे केवढं काम आहे ते.

चौथ्या दिवशी सकाळी घाट. दादा गाडी घेऊन पुढे माथ्यावर गेला, सायकल बांधायचे पट्टे मुद्दाम वर काढून. पहिल्या दोन वळणांत माझी हवा गेली. तिसऱ्यानंतर आम्ही दोघी उतरून सायकली ढकलायला लागलो. प्रत्येक वळणाला थांबायचं, घोटभर पाणी, की पुढे. सहाव्या वळणावर कठडा आला. आम्ही टेकलो आणि मागे वळलो.

तळं होतं. बेट होतं. झाडं मात्र चारच उरली होती. एक पडलं असावं.

"अगं बाई," वहिनी म्हणाली. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि बघत बसली. घाम हनुवटीवरून टपकत होता, तो पुसायचंही तिला भान नव्हतं.

मला एकदम राहवेना. "वहिनी, त्या दिवशी मी ओरडले होते. ये बिनधास्त, रस्ता मोकळा आहे, असं. मी ओरडले म्हणून तू ब्रेक सोडलेस आणि पडलीस. मी कुणालाच सांगितलं नाही." बोलता बोलता मला रडू फुटलं. चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी, कठड्यावर बसून मुसमुसत होते.

वहिनीने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "ऐकलं होतं मी."

"ऐकलं होतंस?"

"हो. पण ब्रेक मी त्याच्या आधीच सोडले होते."

"काय?"

"तू खाली थांबली होतीस ना, वर तोंड करून, मोठ्या तोऱ्यात. म्हटलं, हिच्या नाकावर टिच्चून सुसाट पुढे निघून जावं. तेवढ्यात खडी आली." तिने नाक ओढलं. "या वयात नणंदेशी शर्यत लावून हाडं मोडली, हे कुणाला सांगू? तुझ्या भावाला? त्याने जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून मीही खडीच सांगितली."

"दोन वर्षं मी जीव खाल्ला स्वतःचा!"

"मग मी काय मजा केली?" ती म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. इतकं की खालून सायकल ढकलत येणारा एक प्रवासी आमच्याकडे बघत बघत पुढे गेला.

माथ्यावर दादा पट्टे हातात घेऊन उभाच होता. त्याने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. पलीकडे रस्ता लांबवर सरळ उतरत गेला होता. वहिनीने तो बराच वेळ पाहिला. उजव्या मनगटावरून डावा हात फिरवला. मला वाटलं, संपलं, आता सायकल गाडीवर चढणार आणि तिथून थेट खालच्या मजल्यावर.

"पट्टे आत ठेव," ती दादाला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू मागून यायचं. आणि एक शब्द बोलायचा नाही."

मी मागून निघाले. तिच्या ब्रेकची कुईकुई सुरू झाली. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. माझे डोळे तिच्या बोटांवर. पांढरी पडली होती ती आवळून आवळून. तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी एक बोट सुटलं. मग दुसरं. मग कुईकुई थांबली आणि नुसता वारा ऐकू यायला लागला. वहिनी माझ्यापासून लांब लांब जायला लागली. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

बरीच पुढे गेल्यावर तिने ब्रेक दाबला, व्यवस्थित, आणि रस्त्याच्या कडेला पाय टेकला. मागे वळून हात वर केला आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडली, "या वन्सं, बिनधास्त या! रस्ता मोकळा आहे! खडी बघितलीय मी!"

मी गेले, आणि सरळ तिच्या पुढे निघून जायचा प्रयत्न केला. जमला नाही. त्या अठरा किलोमीटरमध्ये दोन्ही बाजूंना बघण्यासारखं काय काय होतं, ते मला विचारू नका.