वचनशुद्धी

जिनल आपल्या आईशी बोलत नव्हती. घरात हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण जिनल बोलते हेच मुळात कोणी धरत नव्हतं. एकवीस वर्षांची झाली, डोकं तल्लख, पण जन्मताना मेंदूला इजा झाली, तेव्हापासून हातपाय ताठ आणि जीभ जड. एक शब्द काढायचा तर मान वाकडी व्हायची, लाळ गळायची, आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याचा धीर संपायचा. तिचं बोलणं समजायचं दोघींनाच. एक आई, नीलम. दुसरी समोरच्या शिलाईवाल्याची मुलगी यूसरा. बाकीचे सगळे नीलमकडे बघून विचारायचे, "काय म्हनते ते?"

आणि नीलम सांगायची. काय सांगायची, ते ऐका.

यूसरानं एकदा जिनलच्या ओठांना लाली लावून दिली. राजमती आत्यानं, म्हणजे जिनलच्या बापाच्या विधवा बहिणीनं, ती पदरानं खसाखसा पुसली. "कोनासाठी हे नखरे?" जिनल म्हणाली, "माझ्यासाठी." नीलमनं सांगितलं, "काही नाही, असंच म्हनते."

त्या दिवसापासून आत्यानं यूसराचं येणं बंद केलं. तिनं असं काय पाप केलं होतं? पाळीत जिनलला आपलं आपण बदलता यावं म्हणून चिकटपट्टीच्या चड्ड्या शिवून दिल्या. पाळी काय असते, मूल कसं होतं ते नीट सांगितलं. अंगाला कोणाचा हात चालेल आणि कोणाचा नाही, हे जिचं अंग तिनंच ठरवायचं, हेही सांगितलं. जिनलनं आपल्याला कोण आवडतो ते सांगितलं, तेव्हा ती हसली नाही, उलट जवळ सरकून बसली. हे सगळं खरं तर आईनं करायचं. आई तर न्हाऊ घालताना मोरीचं दारही लावायची नाही. "तुले कोन पाहून राह्यलं?" म्हणायची.

आत्याचं दुखणं वेगळंच होतं. या जैन घरात पाळीची बाई बाजूला बसते, कोणाला शिवत नाही. जिनलला बाजूला बसवून भागत नव्हतं. तिला उचलायला, धुवायला आई लागायचीच, मग आईही विटाळली. दर महिन्याला दोघी चुलीबाहेर, मंदिराबाहेर. अशा घरात मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावायचा कसा, सोवळ्यातला स्वयंपाक करायचा कसा?

"पिशवीच काढून टाका तिची," आत्या म्हणाली. "नाहीतरी तिच्या काय कामाची? अन् उद्या कोनी काही केलं, तं निस्तरायले नको."

जिनल समोरच बसली होती. कोणी काही केलं तर! म्हणजे करणाऱ्याला मोकळं रान, आणि फाडायचं हिचं पोट. जिनलच्या तोंडून शिवी गेली, चांगली सणसणीत. आत्यानं विचारलं, "काय म्हनते ते?" नीलम म्हणाली, "पानी मांगते." आणि खरंच पाणी आणून पाजलं.

वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सरळ जिनललाच विचारलं, "तुझी तयारी आहे का गं?" जिनलनं अंगातला सगळा जोर जिभेवर आणला आणि म्हणाली, "नाही." बाईंना कळलं नाही. त्यांनी नीलमकडे पाहिलं. नीलम मान खाली घालून म्हणाली, "हो म्हनते."

तेव्हापासून जिनलनं आईशी बोलणं टाकलं होतं. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

आदल्या रविवारी घरात चौका लागला. जिनलची पाळी होऊन गेलेली, तेव्हा अडचण नाही, असा आत्याचा हिशोब. बाप केशरीचंद सोवळ्यात, आत्या सोवळ्यात, आणि मधे नीलम, हातात कलश-नारळ घेऊन. एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदा हा मान मिळाला होता, आणि सकाळपासून तिचे डोळे भरून येत होते. जिनलची खुर्ची आतल्या खोलीत, खोलीचं दार सताड उघडं. तिथून तिला सगळं दिसत होतं.

महाराज गल्लीत वळले. तिघंही म्हणू लागले, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु. अत्र, अत्र. तिष्ठ, तिष्ठ." महाराज दारासमोर थांबले. आत्याचा चेहरा उजळला.

"मनशुद्धी," तिघं शुद्धतेची ग्वाही देऊ लागले. "वचनशुद्धी..."

वचनशुद्धी! जिनलचं टाळकंच सरकलं. दवाखान्यात माझा नकार गिळून आलेली ही बाई संतापुढं उभी राहून वचनशुद्धी म्हणते. लाज कशी वाटत नाही हिला?

"आई," जिनल ओरडली. "म... ले... आ... ली."

पाळी आली, हे साफ खोटं होतं. आणि नीलमला ते ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात तिनंच तर सगळं धुतलं होतं. बाकी कोणाला शब्द कळला नव्हता. नुसता आवाज ऐकू आला.

"काय म्हनते ते?" आत्यानं दात खाऊन हळूच विचारलं. "पानी मांगते ना? थांब म्हना."

पाणी मागते म्हटलं असतं तर झालंच होतं. महाराज आत आले असते, तिच्या हातचा आहार घेतला असता, आणि उद्या सोमवार होता.

"मले आली म्हनते," नीलम म्हणाली. महाराजांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

महाराज मौनातच पुढे निघाले. पुढच्या घरी चौका होताच.

मग जे व्हायचं ते झालं. केशरीचंद सोवळं सोडायला गेला. आत्यानं नीलमच्या कलशावरचा नारळ ओढून भिंतीवर आदळला. "खोटं बोलून राह्यली ते! आठ दिवस नाही झाले. तुले समजत नाही काय?"

"समजते," नीलम म्हणाली. "पन ते जे म्हनली, ते सांगितलं म्या. दवाखान्यात नव्हतं सांगितलं. तिथं ते नाही म्हनली होती."

"उद्याची गाडी सांगून ठेवली हाय."

"असू द्या. तिथं डॉक्टरीन मलेच इचारन. ते जे म्हनन, तेच मी सांगन."

आत्या थुंकली आणि आत गेली. "मेल्या मायलेकी," एवढं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू आलं.

नीलम खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली. आत कधीही घुसणारी बाई आज थांबली. "दार लावू काय?" तिनं विचारलं.

जिनलनं तिच्याकडे पाहिलं. राग काडीचाही उतरला नव्हता. "लाव," ती म्हणाली. "बा... हे... रून."

नीलमनं दार ओढून घेतलं आणि बाहेरच बसली. स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, "आता काय म्हनते ते?"

"मले बाहेर राह्य म्हनते," नीलमनं सांगितलं.