अक्काची धून आणि माझ्या पोटातली व्हायोलिनं

मित्रांनो, या खणात चष्म्यांच्या मोडक्या काड्यांखाली काळी डबी दिसते ना, ती मी. एक जुनी हार्ड डिस्क. दिसायला साबणाच्या वडीएवढी, पण माझ्या पोटात अख्खा वाद्यवृंद मावतो. खोटं वाटेल, पण खरं आहे.

माझा मालक चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. संगीत हा त्याचा छंद. मोठमोठ्या वादकांनी आपल्या वाद्याचा एकेक सूर वाजवून रेकॉर्ड केलेला असतो. अशा सुरांच्या साठ्याला सॅम्पल लायब्ररी म्हणतात. मालकाने संगणकावर सूर मांडायचे आणि मी पोटातून व्हायोलिनं, बासऱ्या, नगारे काढून द्यायचे. नवी होते तेव्हा तो मला मऊ फडक्याने पुसायचा. काय थाट होता माझा!

त्याला थोरल्या बहिणीने वाढवलं. अक्का इस्त्री करताना एक धून गुणगुणायची, तिची स्वतःचीच. "ही अख्ख्या वाद्यवृंदावर ऐकवीन तुला," असं त्याने तिला कबूल केलं होतं. पुढे अक्का अंथरुणाला खिळली, तरी धून अर्धीच होती.

कारण काय, तर व्हायोलिनं कुठली घ्यावीत हे ठरेना! एका लायब्ररीतली कानाशी वाजल्यासारखी, कोरडी. दुसरीतली मोठ्या सभागृहातली, घुमणारी. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "ही बरी की आधीची?" विचारायची सवय माणसाला, तेच अक्काला विचारत बसायचा.

"अरे बाबा, दोन्ही छान आहेत. तू पुढचं वाजव ना," अक्का म्हणायची.

"थांब गं, एकदा ठरू दे."

माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. बाईला धड श्वास घेता येत नव्हता, आणि हा पठ्ठ्या चार सुरांपाशीच अडलेला!

मग त्याला तिसरी लायब्ररी हवीशी झाली. माझ्यात जागा नव्हती. त्याने पहिल्या दोन्ही पुसून टाकल्या आणि नवी इंटरनेटवरून उतरवायला लावली. त्याच दुपारी अक्काने हाक मारली.

"जेवढी झालीय तेवढी ऐकव रे आज."

त्याने धून उघडली. पडद्यावर सगळे सूर जागच्या जागी होते, पण ते वाजवायला माझ्यात एकही व्हायोलिन उरलं नव्हतं.

"नवी उतरतेय गं अक्का. होईलच आता."

"राहू दे रे. तूच गुणगुण. तुला येते की."

"माझा मेला आवाज कसला! जरा थांब, खऱ्या व्हायोलिनांवर ऐक."

ती बिचारी थांबली. तो तिच्याकडे पाठ करून पडद्यावरची पट्टी सरकताना बघत बसला. मी जिवाच्या आकांताने फिरत होते. एकदाची लायब्ररी उतरली, त्याने धून लावली. व्हायोलिनं खरंच सुरेख वाजली हो.

"ही बरी की आधीची?" त्याने मागे वळून विचारलं.

अक्का गेली होती.

त्यानंतर त्याने मला या खणात टाकलं. धून पुढे गेली नाही. मी धूळ खात पडले आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. राग कुणावर तरी काढायलाच हवा होता त्याला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा, जरूर जपा. पण घरातल्या कुणी तुमच्याकडे गाणं मागितलं, तर चांगलं वाद्य शोधत बसू नका. असेल त्या आवाजात म्हणा. अक्काने शेवटी तेवढंच मागितलं होतं.