ओळखू न आलेलं सोंग

आमच्या बेटावर हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं बोलत नाहीत. इतरत्र ती दारं ठोठावतात, गाणी म्हणतात, खाऊ मागतात. इथे ती मुकाट्याने उंबरठा ओलांडून आत येतात, शेगडीजवळ उभी राहतात आणि वाट पाहतात. अंगावर मेंढीचं कातडं किंवा बापाचा उलटा घातलेला कोट, तोंडावर उशीच्या अभ्र्याचा मुखवटा, बोटं दिसू नयेत म्हणून हातात मोजे. हे सोंग कुणाचं, ते घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं की मुखवटा उतरवावा लागतो. नाही आलं, तर सोंग आलं तसं मुक्यानेच निघून जातं आणि त्या पोराच्या पराक्रमाची चर्चा पुढच्या वसंतापर्यंत पुरते.

त्या वर्षी उंबरठे बंद होते. साथ सुरू होती आणि कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असा सरकारी हुकूम होता. हॅलोविन यंदा नाहीच, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. पण दुकान चालवणाऱ्या पेगी अ‍ॅनने घरोघरी फोन लावले. "दारं बंद ठेवा हो, खिडक्या कशाला बंद ठेवताय?" असं ती प्रत्येकाला म्हणाली, आणि बेत ठरला. मुलांनी अंगणात, खिडकीपासून दोन मीटरवर खडूने आखलेल्या रेघेवर उभं राहायचं. आतल्यांनी पुठ्ठ्यावर नाव लिहून काचेला लावायचं. एका घराला एकच नाव. खाऊच्या पुड्या फाटकातल्या टोपलीत. ज्याने त्याने आपली तेवढीच उचलायची. मोठ्यांनी रस्त्यावर, उजेडाच्या बाहेर थांबायचं, म्हणजे बापाच्या तोंडावरून पोर ओळखू येणार नाही. मला तो शेवटचा नियम फार आवडला. उजेडाच्या बाहेर थांबणं, एवढी एकच गोष्ट मला जन्मजात येते.

नेसा माझ्या बहिणीची, उनाची मुलगी, आठ वर्षांची. तिचे वडील ग्लासगोत शहरबस चालवतात. मार्चमध्ये साथ आली तेव्हा दिवसभराच्या प्रवाशांचा श्वास आपल्याबरोबर घरी येऊ नये म्हणून त्यांनी मायलेकींना आमच्या घरी बेटावर पाठवलं आणि स्वतः मागे राहिले. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणत. त्यानंतर माळावरची जांभळी फुलं फुलली, तपकिरी झाली, गळूनही गेली. नेसा ऑगस्टपासून इथल्या शाळेत जात होती. मात्र शेजारच्या एकाही घरात ती कधी बसली नव्हती, कुणी तिच्या ताटलीत दुसरं बिस्किट बळेच ठेवलं नव्हतं. बेटावर माणूस ओळखीचा होतो तो असा, आणि तो रस्ता त्या वर्षी बंद होता.

दुपारी आम्ही स्वयंपाकघरात सलगमाचे कंदील कोरत बसलो होतो.

"मामा, हे सलगम आहे की दगड?"

"दगडच. म्हणून तर तुझ्या आईने मला दिलंय."

"त्याला दुसरं देणार तरी काय?" उना म्हणाली. "बोलायचं काम तर त्याला जमत नाही."

नेसा हसली नाही. चमच्याने सलगमाचं पोट खरवडत ती खालच्या मानेनेच म्हणाली, "वर्गातला कॅलम म्हणाला, तूच जिंकणार."

"बघ! आणि तू तोंड पाडून बसलीयेस!"

"तो म्हणाला, तुला इथे ओळखतंय कोण?"

चुलीवर किटली वाजू लागली होती. ती उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कॅलमने ते चिडवण्यासाठी म्हटलं नसणार. उलट त्यात हेवाच असणार. त्याला दर वर्षी पहिल्याच घरात पकडतात.

"अगं, शेवटपर्यंत न ओळखलेलं सोंग म्हणजे राणी," उना म्हणाली. "मी जन्मात कधी झाले नाही."

"मला नाही व्हायचं राणी." नेसाने चमचा खाली ठेवला. "एकाने तरी ओळखायला पाहिजे. एका तरी घराने."

ती वर कपडे बदलायला गेली तेव्हा उना माझ्याजवळ सरकून पुटपुटली, "पेगी अ‍ॅनला फोन करू का? नुसतं म्हणते, रबरी कोटातली आमची आहे. कोणाला कळतंय?"

जिन्यावरून आवाज आला, "आई, तू फोन केलास तर मी जाणारच नाही."

"कान आहेत का काय आहेत!" उना म्हणाली. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

आजोबांचा मासेमारीचा रबरी कोट नेसाच्या घोट्यांपर्यंत येत होता. त्यावर आम्ही मेंढीचं कातडं दोरीने आवळलं. मुखवटा तिने स्वतः केला होता: जुन्या पोत्याचा, डोळ्यांपुरती दोन भोकं, आणि तोंड मुळीच नाही. दुसऱ्या मुलांची सोंगं ओळखायला उना आमच्या खिडकीशी पुठ्ठे घेऊन बसली, आणि मी नेसामागून, दहा-बारा पावलांचं अंतर राखून, निघालो.

रस्त्यावर आलो आणि मी थबकलो.

समुद्राच्या कडेकडेने जाणारा तो रस्ता मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण त्या संध्याकाळी तो माझा वाटला नाही. प्रत्येक घराचा एकेक पडदा सरकवलेला होता आणि प्रत्येक काचेमागे, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, एक-दोन चेहरे निश्चल बसले होते. मार्चनंतर हे चेहरे मी असे पाहिलेच नव्हते. दुकानाबाहेरच्या रांगेत दिसत ते नुसते डोळे. अंगणाअंगणांत, दगडी गडग्यांच्या सावलीत, लहान लहान जनावरं उभी होती: पेंढ्याचं एक, लोकरीचं एक, शिंगं लावलेलं एक. त्यांच्या हातांतल्या कंदिलांतून सलगम करपल्याचा गोडसर वास येत होता. कुठे दार वाजत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. लाटांचा आवाज तेवढा होता. आतली माणसं बाहेरच्यांकडे पाहत होती, बाहेरची आतल्यांकडे, आणि मधल्या त्या दोन मीटरांत इतकं काही साचलं होतं, की मी श्वास जपून घेतला. जणू चर्चमध्ये आलो होतो आणि टोपी काढायला विसरलो होतो.

पहिलं घर पेगी अ‍ॅनचं. नेसा रेघेवर उभी राहिली. पेगी अ‍ॅनने काचेला नाक लावून तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पुठ्ठ्यावर काही खरडलं आणि विजयाने वर धरलं: डोनल्ड जॉन.

नेसाने मान हलवली. नाही.

आतून नवऱ्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "अगं, पोरगी आहे ती!"

"तुला काय माहीत? या बेटावर डोनल्ड जॉन म्हटलं की निम्म्या वेळा बरोबरच येतं!"

"मग उरलेल्या निम्म्या वेळा?"

"तेव्हा तू गप्प बसायचं!"

एरवी मी हसलो असतो. पुढच्या घरी निवृत्त खलाशी आणि त्याची बायको होती. त्यांनी बराच वेळ आपसांत खलबत केलं आणि 'मेरी फ्लोरा' असा पुठ्ठा लावला. मान हलली. त्यापुढचं घर कॅलमचं. त्याच्या आईने दोन बोटं उंचावून थोडा वेळ मागितला, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि अखेर एक कोरा पुठ्ठा काचेला लावून हात जोडल्यासारखे केले. हरलो, बाई. तिच्या चेहऱ्यावर शुद्ध कौतुक होतं. नेसा तिथेच उभी राहिली, उभं राहिलं तर ते कौतुक कधीतरी नावात बदलेल अशा आशेने. मग वळली.

एकेक घर मागे पडत गेलं. तिचं चालणं बदललेलं मला मागून दिसत होतं. कोट जड झाला होता. माझ्या खिशात फोन होता. एक ओळ पाठवली असती तर पुढची खिडकी झटकन उजळली असती, नाव वर आलं असतं, आणि पोरीला आयुष्यभर कळलं नसतं. मी फोन हातात घेतलाही. पण ते नाव माझं असतं, त्या खिडकीचं नव्हे. आणि उजेडाच्या बाहेर राहणाऱ्या माणसाला एवढं तरी कळतं, की कुणाच्या तरी सांगण्यावरून पाहिलं जाणं म्हणजे पाहिलं जाणं नव्हे. फोन परत खिशात गेला.

रस्त्याच्या टोकाला फक्त लाखलनचं घर उरलं. म्हाताऱ्याची फुप्फुसं फार वर्षांपासून अधू. मार्चपासून तो दाराबाहेर आला नव्हता. त्याचं सामान गडग्यावर ठेवलं जाई आणि ठेवणारा लांब गेल्यावरच आत जाई. त्या संध्याकाळी त्याच्या घरात दिवाही नव्हता.

"नेसा," मी हलकेच म्हणालो, "लाखलन यंदा नाही बहुतेक. चल, घरी."

तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. फाटक ढकलून ती आत गेली. तिथे रेघही आखलेली नव्हती. तिनेच अंदाजाने अंतर धरलं आणि काळ्या काचेसमोर उभी राहिली.

तेवढ्यात ढग सरकला. त्या दिवशी पौर्णिमा होती. चांदणं पाण्यावरून, माळावरून, त्या अंगणावरून असं पसरत आलं, की मला एखादं मोठं पाऊल ऐकू आल्याचा भास झाला. घरामागच्या कुरणातून एक करडी घोडी बाहेर आली, आमच्या बेटांवर असतात तशी बुटकी, दाट आयाळीची. ती नेसाच्या कडेच्या गडग्यापाशी आली, त्यावरून मान लांब केली आणि त्या रबर, पोतं न् लोकरीच्या ढिगाऱ्याला हुंगलं. मग तिने आपलं सबंध डोकं नेसाच्या खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटले.

आपण बोलायचं नाही हे नेसाला आठवत असावं. ती हललीसुद्धा नाही. मोज्यातला हात तेवढा सावकाश वर गेला आणि घोडीच्या कपाळावर थांबला.

आणि खिडकीत दिवा लागला.

लाखलन काचेला अगदी चिकटून बसलेला होता. म्हणजे तो तिथेच होता, अंधारात, सबंध वेळ. अंधारात बसलं की बाहेरचं नीट दिसतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्याच्याकडे पुठ्ठा नव्हता. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, उलटं केलं आणि बराच वेळ लिहीत राहिला. एका नावाला इतका वेळ लागत नाही. मग दोन्ही हातांनी त्याने तो कागद काचेला दाबून धरला. मी चार पावलं पुढे आलो आणि वाचलं:

नाव माहीत नाही. रोज माझ्या घोडीशी बोलणारी.

शाळेची गाडी तिथेच वळते. रोज सकाळी नेसा गाडीची वाट पाहत तिथे एकटी उभी असते, हे आम्हाला माहीत होतं. ती तिथे काय करते, हे विचारायचं उनाला सुचलं नव्हतं आणि मलाही नाही.

नेसाने मागे वळून अंधारात मला शोधलं. हे धरायचं का, असं ती विचारत होती. नियम नावाचा आहे, आणि हे नाव नव्हतं. मी काय सांगणार? बेटावर हा प्रश्न आजवर कुणाला पडलाच नव्हता. ती पुन्हा खिडकीकडे वळली, थोडा विचार केला, आणि दोन्ही हातांनी मुखवटा उतरवला.

लाखलनने दिवा उचलून काचेशी आणला. त्याने तो चेहरा असा पाहिला, की पाहणं म्हणजे काय हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याचा हात खिडकीच्या कडीवर गेला, तिथे थांबला, मग खाली आला. नेसाही न सांगता एक पाऊल मागे सरली. घोडी तिच्याबरोबर सरली.

"मी नेसा!" ती ओरडली.

"काय?" काचेतून आवाज बारीक, खोल आला. "मोठ्याने बोल. माझे कान माझ्याहून म्हातारे आहेत."

"ने-सा! उनाची!"

"नेसा," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं, "नेसा. बरं."

"हिचं नाव काय?"

"तू काय म्हणतेस तिला?"

नेसा लाजली. "घोडीबाई."

"ती लिया. पण तुझ्या हाकेला येते ना? मग घोडीबाईसुद्धा चालेल." त्याला खोकला आला, तो ओसरेपर्यंत नेसा थांबली. "एक विचारू का? सकाळी तू तिला सांगतेस काय एवढं? मला इथून नुसते ओठ दिसतात."

नेसाने आयाळीत बोटं फिरवली. "बाबांचं," ती म्हणाली. पण ते इतकं हळू होतं, की काचेपलीकडे गेलं नसावं.

ते गेलं, कानांनी नाही तर ओठांवरून. म्हाताऱ्याने मान डोलावली. "मग सांगत जा," तो म्हणाला. "जरा मोठ्याने."

परत येताना तिने मुखवटा काखेत धरला होता. ओळखलेल्या सोंगाने उघड्या तोंडाने घरी जायचं असतं, आणि घराकडचा रस्ता त्याच सगळ्या खिडक्यांवरून जातो. कॅलमच्या अंगणापाशी ती थांबली. सोंग आता संपलं होतं, तिथे जायचं काही कारण नव्हतं. तरी ती आत गेली आणि रेघेवर उभी राहिली, काचेमागच्यांना आपला चेहरा नीट दिसावा म्हणून केस मागे सारून.

आतल्या बाईने दिवा जवळ आणला आणि तिच्याकडे पाहिलं. मग हे पोर कुणाचं म्हणून तिच्या मागे, रस्त्यावर, कोण आहे ते शोधू लागली. मी फाटकापाशीच होतो. थोडा वेळ तसाच राहिलो. मग आत गेलो आणि त्या उजेडात नेसाच्या शेजारी उभा राहिलो.