शुक्रवारची बस

मार्टिन मोलोनी गेटवर नव्हता.

निशिगंधानं बस रस्त्याकडेच्या गवताला लावून थांबवली आणि खिडकीची काच खाली केली. दर शुक्रवारी तो गेटशी उभा असायचा. डोक्याला टोपी, हातात घडी केलेली पिशवी. पाऊस कोसळत असला तरी "सुंदर सकाळ आहे" म्हणतच बसमध्ये चढायचा. आज गेटला कडी होती आणि आतून कुत्रा एकसारखा भुंकत होता.

"पुतण्याबरोबर गेला असेल गं," मागच्या सीटवरून ब्रायडी म्हणाली. ब्रायडी त्या रस्त्यावरची सगळ्यात जुनी बाई. चार घरांपलीकडची खबरही तिला असे. "चल तू. पोस्ट बंद होईल."

"येणार नसला की फोन करतो तो मला," निशिगंधा म्हणाली. "अगदी सर्दी झाली तरी करतो."

नियम सोपा होता. स्टॉपवर माणूस नसेल तर पुढे निघायचं. बसमध्ये सहा-सात म्हातारी माणसं होती. कुणाला पेन्शन घ्यायची होती, कुणाला डॉक्टरकडे, कुणाला नुसतं चहाला जायचं होतं. आणि आज त्यांच्यात निशिगंधाच्या सासूबाईही होत्या. प्रभाबाईंची रक्ततपासणी होती, अभिजितला फॅक्टरीतून सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून नाइलाजानं त्या सुनेच्या बसमध्ये बसल्या होत्या. पहिल्यांदाच. घरून निघाल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्यांचा राग जुना नव्हता, पण खोल होता. निशिगंधा इस्लामपूरच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायची. सगळा गाव तिला मॅडम म्हणायचा. अभिजितला आयर्लंडमध्ये, लिमरिकजवळच्या मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली. शहरात घर काही मिळेना, म्हणून त्यांनी इकडे क्लेअरच्या डोंगराकडेला घर घेतलं. घर छान होतं. पण ब्रेड आणायचा तर गाडी हवी, डॉक्टरकडे जायचं तर गाडी हवी, आणि गाडी सकाळी अभिजितबरोबर निघून जायची. विहिरीचा पंप बंद पडला की पाणी नाही. हीटिंगच्या टाकीतलं तेल संपत आलं की आधी कळत नाही, थंडी वाजायला लागल्यावर कळतं. पहिल्या हिवाळ्यात निशिगंधा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघत असायची. रस्त्यानं ट्रॅक्टर जायचा. मग बराच वेळ काही नाही.

दुसऱ्या वर्षी ती गाडी शिकली. दोनदा नापास झाली, एकदा तर समोरून मेंढ्या आल्या आणि तिनं इंजिनच बंद पाडलं. तिसऱ्यांदा पास झाली. त्याच सुमारास गावच्या बसचा ड्रायव्हर निवृत्त होणार होता आणि नवा कुणी मिळत नव्हता. बस गेली तर ही सगळी माणसं आपापल्या खिडकीत उभी राहणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं मोठ्या गाडीचं लायसन्सही काढलं आणि बस हाती घेतली.

अभिजितनं आईला सांगितलं, "ती कौन्सिलच्या कामावर आहे." ते खोटं नव्हतं. प्रभाबाईंनी गावात सगळ्यांना सांगितलं, सून तिथं ऑफिसर आहे. मग त्या तीन महिन्यांसाठी आल्या आणि दारामागच्या खुंटीवर त्यांना पिवळं चमकणारं जाकीट दिसलं.

"यम. कॉम. शिकून गाडी हाकायची?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर विषय काढला नव्हता. सुनेशी बोलणं मात्र कमी झालं होतं.

निशिगंधानं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली.

"ब्रायडी, जरा बघ सगळ्यांकडे. मी आलेच."

ती उतरली तशा प्रभाबाईही उठल्या.

"आई, तुम्ही बसा. बाहेर गारठा आहे."

"येकलीच कुटं जातीस अनोळखी घरात? मी येते."

मार्टिन मागच्या अंगणात पडलेला होता. कोंबड्यांना दाणे टाकायला निघाला असावा. शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरला होता, बादली लांब जाऊन पडली होती. एक पाय विचित्र बाजूला वळलेला. अंगात नुसता स्वेटर, तोही भिजलेला. ओठ निळे पडले होते. कुत्रा त्याच्या छातीला चिकटून बसला होता.

"निशा," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "मी ग्रँड आहे, एकदम ठीक. तुम्ही जा. बस खोळंबली असेल."

"बस कुठे जात नाही मार्टिन." तिनं गुडघे टेकले. पहिला विचार आला तो त्याला उचलून घरात न्यायचा. दोन्ही हात त्याच्या काखेत घातलेही.

"हात लावू नगंस," प्रभाबाई म्हणाल्या.

"आई, फरशी बर्फासारखी आहे."

"आसू दे. तुज्या सासऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं, तवा रानातनं उचलून जीपमदी घातलं आमी. चांगलं करतोय म्हनूनच घातलं. परत उभं ऱ्हायलं न्हाईत ते." त्यांनी आपली शाल काढली. "आतनं गोधड्या आन. आनि दवाखान्याला फोन लाव."

हे निशिगंधाला ठाऊक नव्हतं. सासरे अंथरुणाला खिळून गेले, एवढंच तिनं ऐकलं होतं. ती धावत आत गेली. फोनवरच्या बाईनं घराचा आयरकोड विचारला. इकडे रस्त्यांना नावं नसतात, घरांना नंबर नसतात, तो कोड मिळाला की ॲम्ब्युलन्स थेट दारात येते. मार्टिननं तो कपबशांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता, इथल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांसारखा. तिनं वाचून दाखवला. फोनवरची बाईही म्हणाली, हलवू नका, पांघरूण घाला, बोलतं ठेवा. ॲम्ब्युलन्स लिमरिकहून निघेल, वेळ लागेल.

पलंगावरची सगळी पांघरुणं घेऊन ती बाहेर आली, तेव्हा प्रभाबाई ओल्या फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. मार्टिनचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि तळवा घासत होत्या.

"डोळं मिटू नगंसा," त्या त्याला सांगत होत्या. "हिकडं बगा. कोंबड्या किती हायत तुमच्या? आमच्याकडंबी हुत्या. मुंगसानं खाल्ल्या."

मार्टिन त्यांच्याकडे बघत होता. मग तो आपल्या बहिणीबद्दल काहीतरी सांगू लागला. ती बॉस्टनला असते, ख्रिसमसला फोन करते. प्रभाबाईंनी मान डोलावली. "व्हय की," म्हणाल्या. दोघांचं बराच वेळ तसंच चाललं होतं. निशिगंधानं दोघांमध्ये काही भाषांतर केलं नाही. तिला ते करावंसं वाटलं नाही.

बसमधली माणसं एकेक करून उतरून आली. कुणी बोलावलं नव्हतं. ब्रायडीनं थर्मासमधला चहा आणला. मार्टिनला काही प्यायला द्यायचं नाही, असं निशिगंधानं सांगितल्यावर तो तिनं प्रभाबाईंच्या हातात दिला. एकानं कोंबड्या कोंडल्या, एकानं रस्त्याच्या वळणावर जाऊन उभं राहायचं ठरवलं, ॲम्ब्युलन्स चुकू नये म्हणून. पोस्टाचं नाव कुणी काढलं नाही.

ॲम्ब्युलन्स आली. हिरव्या कपड्यातल्या मुलीनं मार्टिनचा पाय तपासला, इंजेक्शन दिलं. "हलवलं नाहीत ते फार बरं केलंत," ती म्हणाली. मग भोवती जमलेल्या सगळ्यांकडे बघून तिनं विचारलं, "यांच्या घरचं कोण आहे?"

कुणी काही बोलायच्या आत मार्टिननं मान वळवली.

"ती बघ ना," तो म्हणाला. "आमची ड्रायव्हर."

स्ट्रेचर गेलं. दार लागलं. प्रभाबाई कमरेवर हात ठेवून उठल्या, साडीची ओली बाजू झटकली.

"काय म्हनला त्यो?"

हाच शब्द घरात गेले कित्येक दिवस कुणी उच्चारत नव्हतं.

"तिनं विचारलं, घरचं कोण. तर ते म्हणाले, आमची ड्रायव्हर."

प्रभाबाईंनी ऐकून घेतलं. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बसकडे चालू लागल्या.

त्या दिवशी कुणाचंच काम झालं नाही. पोस्ट बंद झालं होतं, दवाखान्यातल्या नर्सनं रक्ततपासणीला पुढची तारीख दिली. निशिगंधा प्रत्येकाला दारापर्यंत सोडत गेली, रस्त्यावर नव्हे, अगदी दारापर्यंत. उतरताना प्रत्येकजण तिला धन्यवाद म्हणत होता. ते इथे सगळेच म्हणतात, बसमधून उतरताना. पण त्या दिवशी प्रभाबाई प्रत्येक वेळी मान वर करून बघत होत्या.

संध्याकाळी त्या सोफ्यावर बसून इस्लामपूरला बहिणीशी बोलत होत्या. नात तन्वी शेजारी बसून फोन धरून होती. निशिगंधा आत भाकऱ्या थापत होती, आवाज तिथवर येत होता.

"न्हाई गं, हापिसात न्हाई. ते मी चुकीचं सांगितलं हुतं. बस चालवती. व्हय, मोठी. आगं, रस्ते कसलं, आपल्या पांदीवानी. समोरनं ट्रॅक्टर आला की मागं घ्यायची, कडंला झाडं घासत्यात. हिच्या हाताला घाम येत न्हाई." मग म्हणाल्या, "मानसाचा जीव वाचीवला आज तिनं. मी हुते ना तिथं."

"यू सेव्ह्ड हिम टू, आजी," तन्वी म्हणाली.

"ही काय म्हनती मला कळत न्हाई," प्रभाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "पन चांगलंच म्हनत आसंल."

निशिगंधानं तव्यावरची भाकरी उलटली. डोळे भरून आले होते, पण हात पिठाचे होते, म्हणून तिनं ते तसेच राहू दिले.

मार्टिनचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण लगेच एकट्यानं राहता येणार नव्हतं. वसंत येईपर्यंत तरी त्याला गावातल्या, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या नर्सिंग होममध्ये राहावं लागणार होतं. कुत्रा ब्रायडीकडे गेला. कोंबड्या शेजाऱ्यांनी वाटून घेतल्या. नर्सिंग होम बसच्या रस्त्यावरच होतं, पोस्टाच्या जरा अलीकडे. निशिगंधानं ऑफिसला फोन करून तिथे एक स्टॉप मागून घेतला. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्या गाडीतल्या माणसांना तिथे उतरायचं असतं."

पुढच्या शुक्रवारी ती पहाटेच निघाली, आपल्या जुन्या छोट्या गाडीनं डेपोपर्यंत, तिथून बस. प्रभाबाई तेव्हा झोपल्या होत्या, निदान तिला तसं वाटलं. डोंगरावरून खाली येताना धुकं होतं, ती हळू चालवत होती. ब्रायडी चढली, बाकीचे चढले. मग आपल्याच घराच्या गल्लीचं तोंड आलं. तिथे स्टॉप नव्हता, कधी कुणी थांबतही नव्हतं.

आज तिथे कुणीतरी उभं होतं. अभिजितचं जाड जाकीट, डोक्याला स्कार्फ, आणि जाकिटाखाली गर्द हिरवी इरकल, रेशमी काठाची, जी प्रभाबाई लग्नकार्याशिवाय ट्रंकेतून काढत नसत. बस दिसताच त्यांनी हात वर केला.

निशिगंधानं ब्रेक लावला. दार उघडलं.

"कुठे निघालात आई? तपासणी तर पुढच्या आठवड्यात आहे."

"कुटं न्हाई. त्या मार्टिनला बगून येते." दांडा धरून त्या एकेक पायरी सावकाश चढल्या. ब्रायडीनं सरकून जागा केली. त्यांनी बसमधल्या सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं, मान लववली आणि पदर सारखा करून बसल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "लोकं खोळंबल्यात."